ठिकाण आणि माग : वाहनांच्या उपग्रहीय स्थाननोंदीचे वाचन

१

एखादी वस्तू कुठे आहे, या प्रश्नाला मराठीत दोन परींनी उत्तर देता येते. आपण तिचे ठिकाण सांगतो, किंवा तिचा माग काढतो. ठिकाण एका क्षणापुरते असते. माग काळात पसरलेला असतो. ठिकाण दाखवता येते, माग मात्र लावावा लागतो. म्हणजे उमटलेल्या खुणा कोणीतरी क्रमाने मांडून त्यांतून वाट जुळवावी लागते. रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी आले तरी काही बिघडत नाही. परंतु खाणी, रेल्वे, बंदरे, वाळू आणि कोळशाची वाहतूक अशा व्यवसायांत, जेथे हजारो वाहने व अवजड यंत्रे उघड्यावर फिरत असतात, तेथे हा भेद विसरल्याची किंमत कोणाच्या तरी मजुरीतून, परवान्यातून किंवा अब्रूतून वसूल होते.

उघड्यावरील वाहनांचे आणि सामग्रीचे स्थान उपग्रहांच्या साहाय्याने सतत नोंदवत राहण्याची पद्धत आता आपल्या देशात सर्वत्र रूढ झाली आहे. व्यवहारात तिला ‘गाडीला जीपीएस बसवणे’ एवढेच म्हणतात. छपराखाली उपग्रहांचा क्षीण संकेत नीट पोहोचत नाही; म्हणून गोदामाच्या आत वेगळी साधने लागतात आणि प्रस्तुत विवेचन मोकळ्या आभाळाखालील नोंदींपुरतेच मर्यादित आहे. हा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे की, या पद्धतीतून जे हाती येते ते अखेरीस एक लिखित साधन असते. त्याला लेखक असतो, लेखनकाळ असतो, लेखनदोष असतात, गळालेल्या ओळी असतात आणि त्याच्या आधारे निर्णय देणारा वाचक असतो. असे साधन कसे वाचावे, याची शिस्त आपल्या विद्याशाखेने दीर्घ काळ घडवली आहे. ती शिस्त येथे का व कशी लागू पडते हे दाखवणे, हा या लेखाचा हेतू आहे.

मराठी वाङ्मयाला स्थाननोंद अपरिचित नाही. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ श्रीचक्रधरांच्या संचारातील स्थळांची नोंद करते : गाव कोणते, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळात वास्तव्य नेमके कोठे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध करताना ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या वा ऐकल्या त्यांच्याकडून आठवणी मिळवल्या. आणि पुढे आठवणींत फरक आढळला तेथे भिन्न पाठही जपले गेले. ‘कोण कुठे होते’ हे कोणाच्या साक्षीने कळले, हा प्रश्न त्या परंपरेने गौण मानला नाही. आजच्या यंत्रनोंदीकडे वळताना तोच प्रश्न बरोबर घेणे उपयुक्त ठरेल.

२

उपग्रहांच्या पूर्वी उद्योगव्यवहारात वस्तूचा ठाव कसा ठेवला जात असे, हे पाहण्यास भारतीय रेल्वेइतके उत्तम उदाहरण नाही. मालगाडीची वाघीण एका यार्डात सुटते, दुसऱ्या गाडीला जोडली जाते, तिसऱ्या ठिकाणी रिकामी होते. यार्डात नंबर टेकर नावाचा कर्मचारी रुळालगत चालत प्रत्येक वाघिणीचा क्रमांक वहीत उतरवून घेत असे. ती यादी पुढे कंट्रोल कार्यालयाकडे जाई. म्हणजे वाघिणीचे ठिकाण हे कोणीतरी पाहिलेले, लिहिलेले आणि कळवलेले असे. क्रमांकातला एक आकडा चुकला की कागदावर ती वाघीण दुसऱ्याच प्रांतात जाऊन उभी राही.

या लेखनदोषावरचा उपाय मोठा सूचक आहे. सध्याच्या पद्धतीत वाघिणीचा क्रमांक ११ अंकी असतो. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक आणि अखेरचा एक तपासअंक. हा तपासअंक आधीच्या दहा अंकांवरून ठरावीक गणिताने निघतो. त्यामुळे उतरवताना एखादा अंक बदलला तर हिशेब जुळत नाही आणि चूक उघड होते. अनुष्टुभातले एक अक्षर गळाले की जाणत्या वाचकाला ते चटकन कळते. छंद हाच तेथे पाठाचा राखणदार असतो. तपासअंकाचे काम त्याच जातीचे आहे. मात्र त्याची मर्यादाही तीच. छंद बिघडू न देता कोणी शब्द बदलला, तर छंद गप्प बसतो. लिपिकाने शेजारच्या वाघिणीचा बिनचूक क्रमांक लिहिला, तर तपासअंक काहीच सांगत नाही.

१९८६ साली स्थापन झालेल्या रेल्वे माहिती प्रणाली केंद्राने, म्हणजे ‘क्रिस’ने, मालवाहतुकीची संगणकीय प्रणाली उभी केली. तिच्यात वाघीण भरली, सुटली, पोहोचली, रिकामी झाली अशा घटना नोंदल्या जातात. दोन घटनांच्या मधल्या काळातील ठिकाण हे अनुमान असते. या मधल्या जागा भरण्यासाठी पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या, म्हणजे इस्रोच्या, सहकार्याने इंजिनांवर यंत्रे बसवण्यात आली. ती दर ३० सेकंदांनी गाडीची स्थिती कळवतात. पूर्वी स्टेशनमास्तराने हाताने भरलेली वेळ हाच जेथे आधार होता, तेथे आता स्वयंचलित नोंद येते. ही प्रगती निःसंशय मोठी आहे.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. यंत्र इंजिनावर आहे, वाघिणीवर नाही. अमुक वाघीण अमुक जागी आहे, असे जेव्हा पडदा सांगतो, तेव्हा त्यामागे दोन विधाने जोडलेली असतात : इंजिन येथे आहे, आणि या इंजिनामागच्या रेकमध्ये ती वाघीण आहे. पहिले विधान यंत्राचे, दुसरे यादीचे. यादी चुकीची असेल तर अत्यंत अचूक यंत्रही वाघिणीविषयी चुकीचीच माहिती पुरवील.

३

आता मूळ यंत्राकडे वळू. याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे : उपग्रह वरून वाहनाकडे पाहतो आणि ते कुठे आहे हे मालकाला कळवतो. वस्तुतः जीपीएसचा उपग्रह कोणाकडेही पाहत नाही. तो अखंड एकच गोष्ट उच्चारत असतो : मी या क्षणी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. गाडीतील ग्राहकयंत्र हे उच्चारण ऐकते. संकेत निघाल्याची वेळ आणि तो पोहोचल्याची वेळ यांतील अंतरास प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटरने, गुणले की उपग्रहापासूनचे अंतर मिळते. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा संकेत पृथ्वीवर येण्यास सुमारे ०.०७ सेकंद लागतो. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की भूमितीने जागा निश्चित व्हावी. पण गाडीतले घड्याळ स्वस्त व चुकणारे असते. एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरांची चूक. म्हणून चौथा उपग्रह लागतो. त्याच्या साहाय्याने ग्राहकयंत्र आपल्या घड्याळाची चूकही शोधून काढते.

उपग्रहांवरील अणुघड्याळांनाही एक सूक्ष्म दुरुस्ती लागते. वेग आणि गुरुत्वाकर्षण या दोहोंच्या परिणामामुळे ती पृथ्वीवरील घड्याळांच्या तुलनेने दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. सापेक्षता सिद्धान्तानुसार ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात अंतराच्या हिशेबात ११ किलोमीटरांच्या आसपास चूक साचेल. ट्रक कोणत्या धक्क्यावर उभा आहे, हे सांगणाऱ्या साध्या नोंदीत एवढे भौतिकशास्त्र गुंतलेले असते.

या व्यवस्थेचा इतिहास नागरी उद्योगासाठी रचलेला नाही. जीपीएसचा पहिला प्रायोगिक उपग्रह अमेरिकेने १९७८ साली सोडला. मूळ हेतू लष्करी होता. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेल्यानंतर ही सेवा नागरी उपयोगासाठी खुली करण्याचे आश्वासन देण्यात आले. १९९५ साली प्रणाली पूर्ण झाली. पण सामान्य ग्राहकासाठी संकेतात मुद्दाम दोष मिसळला जात असे, त्यामुळे चूक १०० मीटरांपर्यंत जाई. मे २००० च्या आरंभी हा मिसळलेला दोष काढून टाकण्यात आला आणि रस्त्यावरच्या वाहनाचा माग घेणे खऱ्या अर्थाने व्यवहार्य झाले.

भारतानेही स्वतःची प्रणाली उभारली. १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह गेला, २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा; प्रणालीला ‘नाविक’ हे नाव मिळाले. पुढे काही उपग्रहांवरील आयात केलेली अणुघड्याळे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ बसवले होते. २९ जानेवारी २०२५ रोजी सोडलेला एनव्हीएस-०२ मात्र अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही. स्थान म्हणजे मुळात वेळ, आणि वेळ म्हणजे घड्याळ. ज्याचे घड्याळ परावलंबी त्याचे ठिकाणही परावलंबी, हा या इतिहासाचा अर्थ आहे.

ग्राहकयंत्राला स्वतःचे ठिकाण कळले तरी ते मालकाला अजून कळलेले नसते. ते कळवण्याचे काम दुसरीच व्यवस्था करते : यंत्रात मोबाईलचे सिमकार्ड असते आणि त्यावाटे ठरावीक अंतराने एकेक ओळ केंद्राकडे जाते. त्या ओळीत वाहनाची ओळख, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा, ऐकू आलेल्या उपग्रहांची संख्या, इंजिन चालू की बंद, इत्यादी गोष्टी असतात. अशा ओळींची वही म्हणजेच स्थाननोंद. आकाशातून ऐकणे आणि जमिनीवरून सांगणे या दोन क्रिया भिन्न आहेत. दोन्हींत स्वतंत्रपणे खंड पडू शकतो, हे पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

४

ही वही वाचू लागल्यावर पहिली अडचण आकड्यांच्या ऐटीची येते. अक्षांश-रेखांश बहुधा दशांश चिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत छापलेले असतात. अक्षांशाच्या सहाव्या स्थळाचा अर्थ सुमारे ११ सेंटिमीटर. परंतु वाहनातील साध्या यंत्राची चूक मोकळ्या आभाळाखालीही काही मीटरांची असते; उंच कड्यांच्या खाणीत किंवा उंच इमारतींच्या मध्ये संकेत परावर्तित होऊन ती आणखी वाढते. म्हणजे आकडा बोटभर जागा दाखवतो आणि खरे ठिकाण त्याच्या आसपास एका अंगणाएवढ्या वर्तुळात कुठेतरी असते. नोंदीत ते वर्तुळ छापलेले नसते.

दुसरी अडचण अधिक जुनी आहे. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे विल्यम लॅम्बटन यांनी आधाररेषा मोजण्यास आरंभ केला. त्यातूनच हिंदुस्थानचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले. लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, कामावर असतानाच, निवर्तले. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली पृथ्वीच्या आकाराची जी मापे निश्चित केली, ती भारताच्या भूभागाला चपखल बसणारी होती. कल्याणपूर हा आरंभबिंदू धरून पुढच्या काळातले नकाशे त्यांवर आधारले गेले. उपग्रह प्रणाली मात्र साऱ्या पृथ्वीला मिळून बसणारा वेगळा आकार गृहीत धरते. परिणाम असा की, एकाच दगडाचे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश आणि यंत्राने दिलेले अक्षांश-रेखांश जुळत नाहीत. मध्य व पश्चिम भारतात हा फरक जमिनीवर १०० मीटरांहून अधिक भरतो. दोन्ही आकडे बरोबर असतात; ते दोन भिन्न भाषांत बोललेले असतात. रूपांतर न करता एकाची दुसऱ्याशी तुलना केली, तर खाणपट्ट्याच्या आत उभा असलेला डंपर सहज बाहेर दिसेल आणि बाहेर खणणारा आत.

ही अडचण केवळ तात्त्विक नव्हे. खाणपट्ट्यांच्या सीमा पिढ्यान्‌पिढ्या गावनकाशांवर, खांबांवर आणि शेजारच्या खुणांवर अवलंबून होत्या. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोने २०१० साली या सीमा उपग्रहीय मोजणीने नव्याने बांधून घेण्यासंबंधी परिपत्रक काढले. सर्वेक्षण खात्याच्या नकाशांसाठी २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी उपयोगाच्या नकाशांना जागतिक आधार दिला. तरीही जुना कागद आणि नवा आकडा यांची गाठ घालण्याचे काम प्रत्येक पट्ट्यापाशी वेगळे करावे लागते.

तिसरी अडचण नावांची. आणि येथे भाषेच्या अभ्यासकाला थेट प्रवेश आहे. आकडा कोणी वाचत नाही. अधिकारी वाचतो ते गावाचे नाव. म्हणून संगणकात नकाशावर एक बंदिस्त आकृती आखून तिला नाव दिले जाते. आकडा त्या आकृतीत पडला की नोंदीत ते नाव उमटते. व्यवहारात अशा आकृतीला जिओफेन्स म्हणतात. मराठीत तिला ‘कागदी कुंपण’ म्हणण्यास हरकत नाही. हे कुंपण कोणीतरी मेजावर बसून आखलेले असते. त्याने धक्क्यालगतचा चहाचा ठेला आत घेतला की बाहेर ठेवला, यावर ‘गाडी धक्क्यावर ४० मिनिटे थांबली’ हे वाक्य खरे किंवा खोटे ठरते. शिवाय महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव किती! त्यांना वेगळे करण्यासाठीच बुद्रुक आणि खुर्द, मावळ आणि बसवंत अशी उपपदे लोकांनी जोडली. रोमन लिपीतून आलेल्या यादीत ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांचा भेद पुसला जातो, उपपद गळते आणि दोन गावे एक होतात. ‘स्थानपोथी’ वाचताना आज ते गाव कोणते, हा जो प्रश्न संशोधकाला पडतो, तोच अगदी ताज्या नोंदीच्या वाचकालाही पडायला हवा.

चौथी अडचण वेळेची. ही यंत्रे बहुधा जागतिक प्रमाणवेळ वापरतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १२ तारखेच्या पहाटे २ वाजताची खेप मूळ नोंदीत ११ तारखेच्या रात्री ८.३० ची दिसते. जेथे सूर्यास्तानंतर वाळूचा उपसा निषिद्ध आहे, जेथे परवाना एका दिवसापुरता असतो, तेथे हे साडेपाच तास रूपांतरित केले की नाही यावर एका माणसाचा गुन्हा अवलंबून राहू शकतो.

५

या साऱ्या गोष्टी एकत्र कशा येतात, हे पाहण्यासाठी गोव्यातील लोहखनिजाची वाहतूक घेऊ. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील खाणींतून खनिज ट्रकांनी मांडवी व जुवारी नद्यांवरील धक्क्यांपर्यंत येते. तेथून बार्जेसमधून मुरगाव बंदराकडे जाते. यांतले बरेचसे ट्रक खाणपट्ट्यातील गावकऱ्यांच्या मालकीचे होते. त्यामुळे ट्रकाची खेप ही कंपनीच्या हिशेबातील एक ओळ असते, तशी एका कुटुंबाच्या कर्जाच्या हप्त्याचीही ओळ असते.

न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम व खनिजवाहतूक थांबवली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वार्षिक २ कोटी टनांच्या मर्यादेत ते पुन्हा सुरू होण्याचा मार्ग खुला झाला आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले. या घडामोडींच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता : किती खनिज, कोठून निघून, कोठे गेले? बेकायदा वाहतूक रोखण्यासाठी गोव्याने २०१३ साली नियम केले. खनिजवाहू ट्रकांवर स्थाननोंदीची यंत्रे बसवण्याची अट आली. महाराष्ट्रातही गौण खनिजाच्या वाहतुकीसाठी ‘महाखनिज’ या संगणकीय प्रणालीत वाहनाची अशी नोंद अपेक्षित असते.

आता एका खेपेविषयी तीन लेख हाती येतात : वाहतूक परवाना, वजनकाट्याची पावती आणि उपग्रहीय नोंद. तिन्ही जुळले की खेप खरी, असे मानण्याचा प्रघात पडतो. पाठचिकित्सेचा अभ्यासक येथे थांबेल आणि विचारील : हे तीन साक्षी स्वतंत्र आहेत काय? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेल्या आणि १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमागे जे तत्त्व होते, ते हेच : पोथ्यांची संख्या मोजायची नसते, त्यांची वंशावळ पाहायची असते. एकाच मूळ पोथीवरून उतरलेल्या दहा प्रती मिळून एकच साक्ष होते. त्याचप्रमाणे परवान्यावरचा ट्रकाचा क्रमांक, काट्याच्या पावतीवरचा क्रमांक आणि यंत्राच्या नावावर चढवलेला क्रमांक, हे तिन्ही एकाच लिपिकाने एकाच वहीतून भरले असतील, तर त्यांचे जुळणे काहीच सिद्ध करत नाही. उलट, काटा स्वतः वजन नोंदवतो, यंत्र स्वतः जागा नोंदवते आणि नाक्यावरचा माणूस पाटीवरचा क्रमांक स्वतः पाहून लिहितो, असे असेल तर त्यांच्या मेळाला मोल आहे.

याच ठिकाणी सर्वांत मोठा भेद समोर येतो. नोंद ट्रकाची नसते, यंत्राची असते. यंत्र एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत ठेवले, तर नोंद अत्यंत प्रामाणिकपणे खोटी ठरते. आणि यंत्र ज्या ट्रकात आहे तो भरलेला आहे की रिकामा, हेही अक्षांश-रेखांश सांगत नाहीत.

ठिकाणापासून माग कसा बनतो, तेही येथेच पाहावे. यंत्र दर ३० सेकंदांनी एक ओळ पाठवत असेल आणि ट्रक ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर दोन ओळींच्या मध्ये ट्रक ३३३ मीटर गेलेला असतो. पडद्यावर मात्र बिंदू नसतात, सलग रेषा असते. ती रेषा ट्रकाने काढलेली नाही; ती संगणकाने दोन बिंदूंमध्ये, जवळचा रस्ता धरून, जोडलेली आहे. त्या ३३३ मीटरांत एखादा आडरस्ता असेल, तर ट्रक तेथे गेला नाही असे रेषा म्हणते; बिंदू तसे काहीच म्हणत नाहीत. संपादकाने गाळलेल्या जागी स्वतःचे शब्द घातले, तर तो ते चौकटी कंसात घालतो. संगणक तो कंस घालत नाही.

६

हा प्रश्न केवळ चोर पकडण्याचा नाही. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत बसमध्ये घडलेल्या अमानुष घटनेनंतर सार्वजनिक वाहनांत स्थाननोंदीचे यंत्र आणि संकटकाळी दाबण्याचे बटण असावे, हा विचार बळावला. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने या यंत्रांसाठी ‘एआयएस-१४०’ हे मानक प्रसिद्ध केले आणि २०१६ च्या अधिसूचनेने मोटार वाहन नियमांत त्यासंबंधी तरतूद झाली. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, काही वर्ग वगळता, ती लागू झाली. मोबाईलचे जाळे नसेल तेव्हा यंत्राने नोंद साठवून ठेवावी व जाळे मिळताच पाठवावी. मुख्य वीजपुरवठा तोडला तर तसा इशारा द्यावा आणि अंतर्गत बॅटरीवर काही काळ चालत राहावे, अशा अपेक्षा त्यात आहेत. या अपेक्षांमधून मानक तयार करणाऱ्यांची एक जाण दिसते : नोंदीतील मौनालाही कारण असते आणि ते कारण नोंदवले गेले पाहिजे.

मौनाचा अर्थ लावणे हे कोणत्याही चिकित्सेतील सर्वांत निसरडे काम. एखाद्या ग्रंथात एका कवीचा उल्लेख नाही, म्हणून तो कवी नव्हताच असे आपण म्हणत नाही. परंतु वाहतुकीच्या हिशेबात ‘अमुक ते अमुक वेळ गाडी दिसली नाही’ या ओळीचे ‘गाडी अमुक वेळ गायब होती’ असे भाषांतर सहज होते. न दिसणे हे नोंदीचे वर्णन आहे. गायब होणे हे माणसाचे कृत्य आहे. खोल खाणीत आकाशाचा तुकडाच दिसतो, घाटात मोबाईलचे जाळे नसते, वायर खडखडून सुटते. त्याचप्रमाणे ‘थांबा : ४२ मिनिटे’ या ओळीत फुटलेला टायर, धक्क्यावरची रांग, पोलिसांचा नाका, जेवण आणि चोरून उतरवलेला माल हे सगळे सारखेच दिसतात. यंत्र काल सांगते, कारण सांगत नाही. कारण सांगू शकणारा माणूस चालकाच्या आसनावर बसलेला असतो; पण बहुतेक व्यवस्थांत वही वाचण्याचा अधिकार मालकाला व अधिकाऱ्याला असतो, ज्याच्याविषयी ती लिहिली गेली त्याला नसतो.

कायद्यानेही या साधनाची दखल घेतली आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. ही तरतूद योग्यच आहे. मात्र असे प्रमाणपत्र नोंद कोणत्या यंत्रातून, कशी आली आणि ती तीच आहे, एवढेच सांगते. ती नोंद वस्तुस्थितीशी जुळते असे सांगत नाही. पोथी अस्सल आहे आणि पोथीतील मजकूर खरा आहे, ही दोन विधाने आपण कधी एक मानत नाही; न्यायासनापुढेही ती एक मानली जाऊ नयेत.

शिवाय वाहनाची नोंद ही चालकाचीही नोंद असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. ८ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने, आरोपीच्या हालचालींवर तपासयंत्रणेला सतत लक्ष ठेवता येईल अशी अट जामिनासाठी घालता येणार नाही, असा निर्णय दिला. आरोपीला मिळणारे हे संरक्षण रोजंदारीवरच्या चालकाच्या वाट्याला कामाच्या वेळेबाहेर तरी येते काय, हा प्रश्न उद्योगक्षेत्राने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

७

वरील विवेचनावरून स्थाननोंद निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. नंबर टेकरच्या वहीपेक्षा ती पुष्कळ अचूक आहे. तिच्याविना कोट्यवधी टन खनिजाचा माग लागणे अवघड होते आणि अपघातात सापडलेल्या वाहनापर्यंत मदत पोहोचणेही अवघड होते. आक्षेप नोंदीला नाही, तिच्या भाबड्या वाचनाला आहे.

चिकित्सक वाचनाच्या अटी फार कठीण नाहीत. मूळ बिंदू जसेच्या तसे जपावेत आणि संगणकाने जोडलेली रेषा त्यांपासून वेगळी दाखवावी. मोजणी झाली ती वेळ आणि नोंद केंद्रात पोहोचली ती वेळ, दोन्ही लिहाव्यात. प्रत्येक ठिकाणाबरोबर चुकीची संभाव्य मर्यादा छापावी. कागदी कुंपण कोणी, केव्हा, कोणत्या नकाशावर आखले हे सांगावे; गावाचे नाव त्या गावच्या लिपीत लिहावे. परवाना, काटा आणि यंत्र यांचे साक्षीपण एकमेकांपासून स्वतंत्र ठेवावे. आणि ज्याच्या हातात सुकाणू आहे, त्याला आपली नोंद पाहण्याची आणि तिच्या समासात आपल्या भाषेत दोन शब्द लिहिण्याची मुभा असावी.

या शेवटच्या अटीला आपल्या परंपरेत आधार आहे. जुन्या पोथ्यांच्या समासांत वाचकांनी लिहिलेल्या टिपा पुढील संपादकांना कितीदा उपयोगी पडल्या आहेत, हे अभ्यासकांना सांगायला नको. ‘टायर फुटला, मदत येईपर्यंत थांबलो’ एवढी एक टीप ४२ मिनिटांच्या ओळीशेजारी असेल, तर ती तपासता येते, खोटी असल्यास खोटी ठरवता येते. ती नसेल, तर ती ४२ मिनिटे वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहतात. आज देशभरात अशा कोट्यवधी ओळी रोज लिहिल्या जात आहेत. त्यांचा समास मात्र अजून कोराच आहे.